कंट्रोलर काकांचे तास

आमच्या गल्लीत त्यांना सगळे कंट्रोलर काका म्हणत. त्यांना स्वतःचं नाव होतं, पण ते मतदार यादीत आणि लाइटच्या बिलावर. आर्णीच्या एसटी स्टँडवर त्यांनी जन्मभर वाहतूक नियंत्रकाची नोकरी केली. खिडकीत बसून गाड्यांची नोंद करायची आणि भोंग्यावरून गाड्या पुकारायच्या. निवृत्त झाल्यावर भोंगा सुटला, आवाज तसाच राहिला. पाव किलो वांगी मागतानाही ते आधी घसा खाकरायचे, थोडं थांबायचे आणि मग एकेक शब्द सुटा करून बोलायचे. भाजीवाला सवयीनं रस्त्याकडे बघायचा, कुठली गाडी लागली म्हणून.

मला ते आवडत नसत. हे आधीच सांगून टाकते.

त्यांचं वेड विमानांचं. विमानात ते कधी बसले नव्हते. विमानतळ पाहिला नव्हता. नागपूरला गेलेच तर बसस्टँडच्या आसपासचं काम आटोपून परत यायचे. पण जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर आणि तिथून तिथं जायला लागणारा वेळ ते सांगत. त्यांच्याकडे शाळेत असतो तसा प्लास्टिकचा पृथ्वीगोल होता. त्याची बैठक मोडली होती, म्हणून तो एका पातेल्यावर ठेवलेला असे. काकू वारल्या तेव्हा त्यांचा शिवणाचा डबा तसाच राहिला होता. त्यातला लाल दोरा घेऊन काका मोजत. एका गावावर दोऱ्याचं टोक अंगठ्यानं दाबायचं, दुसऱ्या गावापर्यंत दोरा ताणायचा, आणि तेवढाच दोरा मग विषुववृत्तावर धरून बघायचा.

"हा अख्खा फेरा चाळीस हजाराचा," ते समोरच्याला समजावत. "त्यातला तुमचा हिस्सा किती भरते, ते पाहू."

मग विमानाचा तासाचा वेग म्हणून नऊशेनं भागायचं, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा, आणि वाऱ्याचा हिशेब करायचा. नुसतं अंतर मात्र ते कुणाला सांगत नसत. कोणी "किती किलोमीटर हाय, काका?" एवढंच विचारून निघायला लागला, तर त्याला थांबवून ठेवत. "किलोमीटर गाडीले लागते. मानसाले तास लागते. तास ऐकून जा."

लोक हसायचे, पण विचारायला यायचे. एकदा मुकुटबनहून एक शेतकरी दोन गाड्या बदलून आला. त्याच्या मुलीला सिडनीतल्या मुलाचं स्थळ आलं होतं. पोरगा चांगला, घरचे लोक चांगले, पण मुलीच्या आईनं अंथरूण धरलं होतं. एवढ्या लांब पोरगी द्यायची नाही. काकांनी दोरा ताणला, दोन ठिकाणी विमान बदलायचा वेळ धरला आणि म्हणाले, "आज सकाळी घरून निघाली का उद्या रात्रीच्या जेवनाले तिथं. तुमच्या आजीले कुठं देलती?"

"इकडंच, दिग्रसकडं."

"बैलगाडीनं किती लागे?"

तो माणूस विचार करून म्हणाला, "एक मुक्काम पडे."

"मंग झालं. तेवढंच हाय."

लग्न झालं. त्या माणसानं पत्रिकेसोबत काकांना टोपी-उपरणं पाठवलं. ते उपरणं गळ्यात घालून काका महिनाभर फिरले.

आमच्या घराशी त्यांचा संबंध आला तो माझ्या धाकट्या बहिणीमुळे. सुजाता नर्सिंग शिकली, नागपूरला नोकरी केली आणि मग टोरांटोला गेली. वडील आधीच गेलेले. घरात आई आणि मी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळा आर्णीपासून चौदा किलोमीटरवर, रस्ता असा की स्कूटीचे नट महिन्यातून एकदा आवळून घ्यावे लागत. मी सहावी-सातवीला भूगोल शिकवते, हेही सांगायला हवं.

सुजाता गेली त्या दिवशी आई बुद्धांच्या तसबिरीसमोर नाही, नुसती दाराच्या पायरीवर बसून राहिली होती. काका दोन घरं सोडून राहायचे. ते आले, पातेल्यासकट गोल घेऊन आले, आणि पायरीवरच बसले. "वहिनी, हे पाहा दिल्ली. हे टोरांटो. मधात साडेअकरा हजाराच्या वर अंतर हाय, पंधरा तास लागते. आता सुजी इथं असन."

आईनं गोलाकडे पाहिलं. "हे तर वरून चाललं, बर्फातून. सरळ काहून नाही जात?"

"हेच सरळ हाय. नकाशावर वाकडं दिसते. नकाशा खोटं बोलते, गोल नाही बोलत." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "जातानी पंधरा तास, पन येतानी तेराच. वारा पाठीमागून असते. माहेरी येतानी पोरगी नेहमी लवकर येते."

आई हसली. मी सकाळपासून तिला चहा घे, दोन घास खा म्हणत होते. ती माझ्यासाठी हसली नव्हती.

तेव्हापासून काका रोज चार वाजता यायचे. "जयभीम, वहिनी," म्हणून खुर्ची ओढायचे. आई विचारायची, "आता तिथं काय असन?" ते सांगायचे, "सकाळचे साडेसहा. उठली असन. ड्यूटीवर निघून राह्यली असन." तिकडचं घड्याळ वर्षातून दोनदा एक तास मागंपुढं होतं, हे त्यांनी आईला इतकं पक्कं शिकवलं होतं की ती ते बायकांना विहारात समजावून सांगायची. मी शाळेतून साडेपाचला यायची. तोंडावर धूळ, पदरावर धूळ. दोघं गोलावर वाकलेली असायची. आई वर न बघता म्हणायची, "चहा ठेव वं मोठे. काकाले साखर कमी." तो चहा उभ्याउभ्या संपवून काका निघायचे.

माझं नाव घरात 'मोठी' असंच होतं.

जळफळाट कशाचा होत होता, ते तेव्हा मला नीट कळत नव्हतं. सुजातामुळे होत होता, हे उघड होतं. ती लांब गेली म्हणून तिचा प्रत्येक तास मोजला जायचा. पण काकांमुळेही होत होता. भूगोल माझा विषय. वाऱ्याचे पट्टे, रेखावृत्तं, स्थानिक वेळ, हे मी पंधरा वर्षं फळ्यावर लिहीत होते. घरी मी एकदा आईला सांगायला गेले की वारा मागून असतो तो का असतो, तर ती म्हणाली, "हो, काकानं सांगितलं." तेवढ्यावर विषय संपला.

मग मी एकदा त्यांची परीक्षा घ्यायची ठरवली. स्वयंपाकघरात मोबाइलवर पाहून आले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, सँटियागो ते सिडनी किती होईल?"

आई कौतुकानं बघायला लागली. काकांनी गोल फिरवला, दक्षिण अमेरिका शोधली, दोरा खालून, बर्फाच्या अंगानं ताणला. बराच वेळ गेला. मला वाटलं, आता चुकतात.

"अकरा हजार तीनशेच्या आसपास," ते म्हणाले. "तिकडून इकडं येतानी वारा समोरून. चौदा तास धरा."

मोबाइलवर तेच होतं.

"कोन चाललं तिकडे?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. असंच विचारलं."

त्यांचा चेहरा उतरला. रागावले नाहीत, पण कोणी फसवल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "कोनीच नाही? मंग कायले मोजलं?" त्यांनी दोरा बोटाला गुंडाळला आणि चहा अर्धा टाकून गेले. कोणीतरी जाणार असेल, तरच ते मोजत. कोणी बसलेलं नसताना अंतर मोजणं म्हणजे त्यांच्या हिशेबी रिकामी गाडी पळवणं होतं. आईनं मला त्या दिवशी बरंच सुनावलं.

त्यांना एक मुलगा होता. राजूरला कोळशाच्या खाणीत कामाला. आर्णीहून राजूर म्हणजे यवतमाळ आणि वणी करत साडेतीन-चार तास. नऊ वर्षांत तो आला नव्हता आणि काकाही गेले नव्हते. त्यानं दुसऱ्या समाजातल्या मुलीशी रजिस्टर लग्न केलं, त्या दिवशी काका गेले नाहीत. लोक म्हणत, समाजामुळे. काका म्हणत, ड्यूटी होती. खरं काय ते कोणाला माहीत नव्हतं. राजूरचं अंतर त्यांना गल्लीत कोणी विचारत नसे.

मागच्या वर्षी पावसाळ्यात आई न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. यवतमाळच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करू. आई म्हणाली, सुजी आल्याशिवाय नाही. तिला समजावून थकलो. शेवटी सुजातानं तिकडं रजा मागितली, तिकीट काढलं, आणि आईनं ऑपरेशनला होकार दिला. गुरुवारी सकाळी अकराची वेळ ठरली. सुजाता त्याच दिवशी दिल्ली-नागपूर करत संध्याकाळी पोहोचणार होती.

बुधवारी सकाळी सुजाताचा फोन आला. तिच्या वॉर्डातल्या दोघी आजारी पडल्या होत्या, तिची रजा रद्द झाली होती. ती रडत होती. "ताई, आईला तूच सांग. मला नाही सांगता येणार."

मी सांगितलं नाही. दुपारी काका डबा घेऊन आले, त्यांना सांगितलं. ते कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभे राहिले. "ऑपरेशन होऊ दे," ते म्हणाले. "मंग सांगू. आता सांगितलं तर वहिनी करू देनार नाही." मी हो म्हटलं. हे मी मान्य केलं होतं, हे मुद्दाम लिहिते.

गुरुवारी ते पहिल्या गाडीनं आले, पिशवीत गोल घेऊन. आईच्या खाटेजवळ स्टुलावर बसले. मी गेले आठ दिवस त्याच खाटेशेजारी चटई टाकून राहत होते. आईचं भांडं, आईची वेणी, आईचं औषध. आईनं त्यांना बघितल्याबरोबर विचारलं, "कुठपर्यंत आली?"

काकांनी घसा खाकरला. पण या वेळी आवाज त्यांचा नव्हता. "कझाकस्तान," ते म्हणाले.

"ते कुठं?"

त्यांनी गोलावर बोट ठेवलं. आईनं हात लांब करून त्यांच्या बोटाशेजारी आपलं बोट टेकवलं. दहा वाजता ती दोघं अफगाणिस्तानच्या वरून येत होती. पावणेअकराला दिल्ली जवळ आली. आईचा चेहरा इतका निवांत झाला होता की नर्सनं विचारलं, आजी, भीती नाही वाटत का? आई म्हणाली, "माही पोरगी येऊन राह्यली."

स्ट्रेचर आलं. आईला त्यावर घेतलं. मी तिचा हात धरून चालायला लागले, तशी ती म्हणाली, "मोठे, तू इथं नोको थांबू. नागपूरले विमानतळावर जाऊन उभी राय. सुजीले हा दवाखाना सापडनार नाही."

मी तिचा हात सोडला.

"ती येत नाही, आई," मी म्हटलं. "तिची रजा रद्द झाली. ती निघालीच नाही."

आई माझ्याकडे नाही, काकांकडे बघायला लागली. ते मागून गोल घेऊन येत होते, त्यांचं बोट अजून दिल्लीवर होतं. "खरं हाय का?" तिनं विचारलं.

त्यांनी बोट काढलं. "हो," ते म्हणाले.

आईचा रक्तदाब वाढला. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ऑपरेशन नाही म्हटलं. तिला परत वॉर्डात आणलं. काका कॉरिडॉरमध्ये मला भेटले. मला वाटलं, आता बोलतील, आणि बोलले असते तर बरं झालं असतं. मी उत्तर तयार ठेवलं होतं. म्हाताऱ्या माणसाला खोटं सांगणं बरोबर आहे का, वगैरे.

ते म्हणाले, "गाडी सुटली नसतानी 'येऊन राह्यली' असं मी स्टँडवर एकदा म्हनलं नाही. लोक शिव्या देत, तरी नाही म्हनलं." मग पिशवीचे बंद बांधले आणि निघून गेले.

ऑपरेशन चौथ्या दिवशी झालं. चांगलं झालं. आई आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत जाते. पण त्या मधल्या दिवसांत ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी मी तिला पेज भरवत असताना म्हणाली, "तू खरं बोलली. मी काही म्हनत नाही. पन सांगतानी तुले बरं वाटलं. मी पाह्यलं."

मी चमचा भरला आणि तिच्या तोंडाशी नेला. तिनं तोंड उघडलं. दुसरं काय करणार होतो आम्ही.

काका त्यानंतर घरी आले नाहीत. आईसाठी शेवग्याच्या शेंगा पाठवल्या, भाजीवाल्याच्या हातून. आणि त्यांनी अंतर सांगणं बंद केलं. कोणी विचारायला गेलं, की म्हणत, "मोबाइलवर पाहा, बरोबर सांगते ते." लोक माझ्याकडे येऊन विचारत, काकाले काय झालं? मी म्हणायची, वय झालं.

खरं तर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. संध्याकाळच्या चहाला आता मी आणि आई. पण आईला विचारायला काही नव्हतं आणि मला सांगायला.

डिसेंबरात सुजाता आली, तीन आठवडे राहिली. आईनं सगळ्या गल्लीला बोलावलं. काका आले नाहीत. "काकांना काय झालं, ताई?" सुजातानं विचारलं. आईनं तिला सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. ती भेटायला गेली, तर दाराला कुलूप. ते मुद्दाम स्टँडवर जाऊन बसले होते.

सुजाता परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मीच त्यांच्याकडे गेले. ते तांदूळ निवडत होते. गोल कपाटावर उलटा ठेवलेला. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "काका, मी त्या दिवशी खऱ्यासाठी बोलले नाही. मला जळत होतं. सुजीवर आणि तुमच्यावरही."

"माहीत हाय," ते म्हणाले. खडे काढत राहिले. "मलेही जळे."

"कोणावर?"

"तुह्या मायवर. तिची पोरगी पंधरा तासावरून फोन करते. तुह्यावरही. तू रोज संध्याकाळी येते. साडेपाचले तुही गाडी आली का चहा आटपून मी उठून जात होतो. काहून जात होतो, ते नाही समजलं का तुले?"

मला खरंच समजलं नव्हतं. मी घरात शिरले की ते चहा उरकून निघतात, ते माझ्या नावडीमुळे, असंच मी समजत होते.

त्यांनी सूप खाली ठेवलं. "माह्यासंग राजूरले येशीन का? एकट्यानं पाय नाही उचलत."

रविवारी आम्ही गेलो. गाडीत ते खिडकीशी बसले आणि प्रत्येक थांबा पुटपुटत होते. वणीला गाडी बदलली. राजूरला उतरल्यावर मात्र उभे राहिले. रस्त्यावर कोळशाची काळी भुकटी, ट्रकची रांग. "इथून पुढचं मले माहीत नाही," ते म्हणाले. मी पानठेल्यावर विचारलं आणि पुढं झाले.

दार एका बाईनं उघडलं. कडेवर मूल. त्यांनी घसा खाकरला नाही. हळूच म्हणाले, "मी आर्नीचा कंट्रोलर."

तिनं पदर सारखा केला आणि बाजूला झाली. "या, बाबा. ते नाइट करून झोपले हायेत. उठवतो."

आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. आतून कुजबुज आली. मग मुलगा बनियनवर बाहेर आला. डोळे लाल, कानाजवळ कोळसा राहिलेला. बापाकडे बघत उभा राहिला. काकाही उभे राहिले. मला वाटलं, आता एकानं जरी मागचं काढलं तर संपलं.

"जेवले का?" मुलानं विचारलं.

"नाही."

"बसा मंग."

तो खाली बसला, काका बसले, सुनेनं ताटं मांडली. मला आग्रह केला, मीही बसले. मूल काकांच्या मांडीवर येऊन त्यांच्या ताटातली पोळी ओढायला लागलं. मी मान खाली घालून वरण-भात खाल्ला, आणि मला पुन्हा तेच झालं. काकांच्या मुलाचा हेवा वाटला. नऊ वर्षं न येऊनही त्याच्याकडे कोणीतरी चार तासांचा प्रवास करून आलं होतं. मी कधी कुठं गेलेच नाही, तर माझ्याकडे कोण येणार?

दुपारच्या गाडीनं मी निघाले. काका राहणार होते. मुलगा मोटरसायकल काढायला लागला, तर काका म्हणाले, "नोको. तिले मी सोडतो." स्टॉपवर उन्हात उभे राहिलो. यवतमाळची गाडी आली. कंडक्टर तरुण होता, त्यांना ओळखत नव्हता. काकांनी दाराच्या दांडीला हात धरला आणि त्या जुन्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून त्याला सांगितलं, "बाईले यवतमाळले उतरल्यावर आर्नीची गाडी दाखवून द्या. उशीर नोको होऊ देऊ. तिची माय वाट पाहून राह्यली."

आईनं त्यांना तसं काही सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. निघताना ती झोपेत होती. विचारावंसं वाटलं, पण कंडक्टरनं घंटी मारली होती. मी सीटवर बसले आणि आर्णीपर्यंतचे तास मोजायला लागले.